रेल्वेलाइन ओलांडल्यावर

१. प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा मी रोज संध्याकाळी तासभर चालायचे. सत्तावीस वर्षं. ह्यांची प्लांटमधली नोकरी संपली, क्वार्टर सोडलं आणि रेल्वेलाइन ओलांडून सुपेल्याच्या वस्तीत घर घेतलं. दोन महिन्यांत चालणं सुटलं. बाई तीच, गुडघे तेच. तेव्हा कळलं, माझ्या त्या सवयीत निम्मा वाटा टाउनशिपच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांचा होता. इथे जी. ई. रोडवर गाड्यांची रांग तुटत नाही आणि रविवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

२. व्यायामाला ठरलेली वेळ लागते. शेजारचा मुलगा ठेकेदाराकडून प्लांटमध्ये जातो. कधी सकाळी सहाची पाळी, कधी दुपारी दोनची, कधी रात्री दहाची. त्याच्या झोपेचाच मेळ बसत नाही.

३. आमच्याकडे कामाला येणारी बाई पाच घरं करते. शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. फरशी पुसता पुसता तिने फडकं पिळलं, दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश सरळ झाली आणि म्हणाली, “आंटी, मग मी दिवसभर काय करते?” मला उत्तर सुचलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते. तेवढी हालचाल तिची मंगळवारपर्यंत होत असेल. पण वाकून, घाईघाईत केलेल्या कामाने अंग झिजतं. चालताना मान वर असते, दमलं की थांबता येतं. तिला तो अर्धा तास हवा तर एक घर सोडावं लागेल, आणि त्याच घरच्या पैशांतून पोराची फी जाते.

४. महागडे बूट लागत नाहीत हे खरं. पण अंगठा तुटलेल्या चपलेने कोणी किती चालणार?

५. २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी पहाटे पाचला आमच्या गल्लीत यावं. मे महिन्यात आठ वाजताच ऊन भाजतं, म्हणून चालायचं ते पहाटेच. पण तेव्हा अंधार असतो, आणि नळही तेव्हाच येतो. आता गल्लीतल्या आम्ही तिघींनी पाळ्या लावल्यात. एकजण तिन्ही घरांचं पाणी भरते, दोघी चालून येतात. उद्या माझी पाण्याची पाळी.