मधू दंडवते : वीस वर्षांचे खासदार

गावचा कारभार ग्रामपंचायत पाहते. राज्याचे कायदे विधानसभेत होतात. साऱ्या देशाचे कायदे दिल्लीला संसदेत होतात. संसदेत आपल्या वतीने बोलायला आपण ज्याला मत देऊन पाठवतो, तो आपला खासदार. आपले उंद्री गाव बुलढाणा मतदारसंघात येते.

निवडणूक आली की मत मागायला माणसं दारात येतात. सगळेच गोड बोलतात. मग पारख करायची कशी? त्यासाठी आज आपण कोकणच्या एका खासदारांची हकिकत वाचू.

मधू दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तो सोडवण्यासाठी १९५५ साली सत्याग्रह झाला, त्यात ते गेले. १९७१ साली राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ सालीही लोकांनी त्यांनाच निवडले. असे लागोपाठ पाच वेळा!

त्यांचे विचार काय होते? ते समाजवादी होते. देशाच्या संपत्तीत गरिबालाही त्याचा वाटा मिळाला पाहिजे, असे ते मानत. पण तो जुलमाने नव्हे, लोकांच्या मताने मिळवायचा, हेही ते तितकेच मानत. विचार बोलायला सोपे असतात. खरी कसोटी पुढे लागते.

पहिली कसोटी तुरुंगात लागली. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. सरकारविरुद्ध बोलणाऱ्या हजारो लोकांना खटला न चालवता कोंडले. दंडवते बंगलोरच्या तुरुंगात, तर त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवडा तुरुंगात. दोघांची भेट नाही. मग ते एकमेकांना पत्रे लिहीत. सुटकेसाठी त्यांनी आपला विचार सोडला नाही.

दुसरी कसोटी सत्तेची. १९७७ साली सरकार बदलले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. आता आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पूर्वी खालच्या वर्गात लाकडी फळीवर रात्र काढावी लागे. सकाळी अंग आंबून जाई. १९७४ साली तिसरा वर्ग हे नाव गेले, पण फळी तशीच राहिली. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या झोपायच्या फळ्यांवर दोन इंचांची गादी घालायला सुरुवात केली. वरच्या वर्गाची सोय काढायची नाही, खालच्या वर्गाची वाढवायची, असा त्यांचा हिशोब होता.

डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई ते हावडा अशी गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तेव्हा तिच्यात वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेद नव्हता. ही गाडी आपल्याच जिल्ह्यातून, मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने जाते. मे १९७४ च्या रेल्वे संपात अनेक कामगारांची नोकरी गेली होती. त्यांना दंडवत्यांनी परत कामावर घेतले.

तिसरी कसोटी पराभवाची. कोकणात रेल्वे हवी, ही तिथल्या लोकांची जुनी मागणी. तिच्यासाठी दंडवते सतत झटले. १९९० साली ते देशाचे अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे रेल्वेचे काम होते. त्याच वर्षी कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले. पण १९९१ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना निवडले नाही. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पुरा झाला. गाडी धावली, तेव्हा ते तिथले खासदार नव्हते! लोकांच्या मताला मान द्यायचा, हे त्यांनी जन्मभर सांगितले होते. मत विरुद्ध गेले तेव्हाही त्यांनी तो दिला. १२ नोव्हेंबर २००५ रोजी ते वारले.

यातून आपण काय घ्यायचे? खासदार मोठा की लहान, हे भाषणावरून ठरवू नये. अडचणीत तो कसा वागला, हाती सत्ता आल्यावर त्याला गरिबाची फळी आठवली का, हे पाहावे. तो आपल्या पक्षाचा, आपल्या जातीचा आहे का, एवढेच पाहून मत देऊ नये.

आणि मत दिले म्हणजे आपले काम संपले, असेही नाही. खामगाव ते जालना रेल्वे व्हावी, ही आपल्या भागाची फार जुनी मागणी आहे. ती झाली तर आपल्या चिखली तालुक्याला आगगाडी मिळेल. अशा कामासाठी खासदाराला विचारत राहावे लागते. पूर्वी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे, खाली आपला अंगठा. आता आपल्याला लिहिता येते. मग आपला प्रश्न आपणच लिहू या!

सांगा पाहू :
१. दंडवते किती वेळा निवडून आले? कोणकोणत्या साली?
२. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांसाठी त्यांनी काय केले?
३. तुमच्या मते त्यांची सर्वांत अवघड कसोटी कोणती? का?

लिहा : गावाच्या एका अडचणीविषयी आपल्या खासदारांना पाच ओळींचे पत्र लिहा. खाली स्वतःची सही करा.