लाकडी नंदीचा तोल

तान्ह्या पोळ्यास बाभुळगावच्या खडबडीत वाटेवर एखाद्या मुलाचा चाकांचा लाकडी नंदी उलटतो, शिंग मोडते आणि रडे सुरू होते. पाठीवर दगड बांधून तो सावरत नाही. उलट लवकर पडतो. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा चाकांबाहेर गेला की तोल गेलाच.

समजा, ५०० ग्रॅमच्या नंदीचा गुरुत्वमध्य १२ सेंटिमीटर उंच असून चाकांत १० सेंटिमीटर अंतर आहे. तो बाजूस सुमारे २३ अंश कलताच उलटेल. तितक्याच वजनाची लोखंडी पट्टी फळीखाली, जमिनीपासून २ सेंटिमीटरवर, घट्ट ठोकिली, तर गुरुत्वमध्य ७ सेंटिमीटरवर उतरतो व नंदी ३५ अंश कलूनही पडत नाही. मात्र दोरी ओढणाऱ्या चिमुकल्यावर ओझे दुप्पट होते; म्हणून आम्ही निम्मीच पट्टी पसंत करितो. तीही जवळजवळ ३० अंशांपर्यंत तारते.