घरगुती जनरेटर : उजेड हवा, पण जीव सांभाळून



डिसेंबर 2013 मध्ये यरुशलायिम व भोवतालच्या डोंगराळ भागात मोठे हिमवादळ झाले आणि हजारो घरांतील वीज गेली. त्या वेळी आमच्या एका नातेवाइकाने जनरेटर आणून मिर्पेसेतमध्ये ठेवला. बाहेर बर्फ, म्हणून आतली दारे-खिडक्या लोटलेली. दोन तासांनी आजीचे डोके दुखू लागले. पित्त झाले असेल म्हणून तिला आल्याचा चहा दिला. मग सुनेला मळमळू लागले, धाकट्या नातवाला झोप आवरेना. एकाच वेळी तिघांना पित्त कसे होईल, ही शंका थोरल्या नातीला आली व तिने सर्वांना जिन्याने खाली नेले. परमेश्वरकृपेने सारे वाचले.

2024 साली उत्तर सीमेवरील लढाईच्या दिवसांत विजेची काळजी वाटून पुष्कळांनी जनरेटर विकत घेतले. आता ते कोठे ना कोठे पडून आहेत. ते पुन्हा काढण्यापूर्वी हा पाठ वाचावा.

शेगडीचा जुना धडा

कोळशाची शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपू नये, हे आपल्या कोकणातील वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. तोच विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, जनरेटरच्या धुरात फार मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. त्याला हा फरक कळत नाही व आकडा चांगलाच दिसतो.

म्हणून जनरेटर नेहमी उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान 6 मीटर दूर ठेवावा व धुराचे तोंड घराकडे करू नये. मिर्पेसेत, जिना, गॅरेज किंवा ममादच्या खिडकीखालची जागा वर्ज्य समजावी. एखादी खिडकी उघडल्याने भागत नाही. झोपण्याच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. धुराचा साधा अलार्म हे काम करीत नाही.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी, अशी लक्षणे दिसताच सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि तेथून 101 ला फोन करावा. यंत्र बंद करण्यासाठी कोणी पुन्हा आत जाऊ नये.

भिंतीतील सॉकेटला जोडू नका

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून काहीजण जनरेटर थेट भिंतीतील सॉकेटला जोडतात. हे प्राणघातक आहे. वीज उलट्या दिशेने रस्त्यावरील ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तेथे 230 व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात आणि तारा दुरुस्त करणारा कामगार मरू शकतो. मुख्य वीज परत आली की जनरेटरही जळतो. घराच्या वायरिंगला जोडायचेच असेल, तर परवानाधारक हश्मलायकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. एरवी उपकरण तीन तारांच्या जाड एक्स्टेन्शनने सरळ जनरेटरला जोडावे. गुंडाळी पूर्ण सोडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. पावसात यंत्र भिजू देऊ नये व ओल्या हाताने हात लावू नये.

भार किती टाकावा?

2000 वॅटचा जनरेटर आहे असे समजा. फ्रीज चालताना 150 ते 200 वॅट घेतो, परंतु सुरू होताना त्याच्या कित्येक पट. पाच एलईडी दिवे मिळून 50 वॅट, घरगुती ऑक्सिजन यंत्र सुमारे 350. एवढे सहज चालेल. पण पाण्याची किटली एकटीच 2000 वॅट घेते, तिला जोडू नये.

प्रथम इंजिन मोकळे चालू करावे, मग फ्रीज, नंतर बाकीचे. बंद करताना आधी उपकरणे, शेवटी इंजिन. दार न उघडल्यास फ्रीज सुमारे 4 तास थंड राहतो, म्हणून जनरेटर अखंड चालविण्याची गरज नाही.

पेट्रोल

तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. यंत्र बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ज्योतीवरही पेट घेते. म्हणून डबा घरात किंवा ममादमध्ये ठेवू नये.

शेवटी एक स्पष्ट गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकजण शिकूनमधील फ्लॅटमध्ये राहतात. तेथे 6 मीटरची मोकळी जागा नसेल, तर जनरेटर चालवूच नये. दिवे, फोन व लहान उपकरणांसाठी चार्ज केलेला मोठा बॅटरी संच घ्यावा. त्यातून धूर निघत नाही.

घरच्यांना विचारावयाचे प्रश्न

1. आपल्या घरापासून 6 मीटरवर सुरक्षित जागा कोणती?
2. वीज गेल्यास कोणती उपकरणे खरोखर आवश्यक? त्यांचे वॅट किती?
3. एकाच वेळी दोघांचे डोके दुखू लागले तर प्रथम काय कराल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील लहान मुलालाही पाठ असावे.