निरोप घरापर्यंत पोचू दे

अगं, काल रात्री फोनवर तुझा आवाज दाटून आला होता ते मला लगेच कळलं. तुझ्या हॉकीच्या बावीस मुली, बनारसमधलं लालपूरचं मैदान, पहाटे साडेपाचची वेळ, आणि आल्या फक्त नऊ. "मी ग्रुपवर टाकलं होतं ताई," असं तू तीनदा म्हणालीस. तेवढ्याच वाक्याबद्दल मला आज तुझ्याशी बोलायचंय.

तुझ्या बावीसपैकी किती जणींकडे स्वतःचा फोन आहे? सरैयातल्या त्या दोघी चुलत बहिणींच्या घरी एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. वडील दिवसभर मागावर बसलेले. रात्री उशिरा त्यांनी तुझा निरोप वाचला तरी मुली झोपलेल्या असतात, आणि पहाटे कुणाला आठवण राहते? निरोप तू दिलास, पण तो वाटेतच राहिला.

मी पुण्यात इतकी वर्षं मुलींना खो-खो शिकवते. त्यात बसलेल्या मुलीला खो द्यायचा तर तिच्या पाठीमागून द्यावा लागतो, हात टेकवून आणि ऐकू जाईल असा. नुसतं ओरडून चालत नाही, नुसता हात लावूनही नाही. ती उठली की मगच आपण बसायचं. घरोघरी निरोप देतानाही मी हेच करते. पलीकडून "हो, कळलं" आल्याशिवाय वहीत खूण करत नाही.

हो, वहीच कर. एकेका मुलीला एक पान. घरात शब्द कुणाचा चालतो, फोन कुणाकडे असतो, तो माणूस घरी कधी असतो, मुलीच्या अंगावर कुठलं काम आहे. हे फोनवर विचारून कळत नाही गं, जाऊन बसावं लागतं. आजीजवळ बसलीस तर जास्त कळेल. लेखी निरोपाऐवजी आवाजातला निरोप पाठव, आणि तो तुझ्या शुद्ध हिंदीत नको. मोठ्या मुलींपैकी एखादीला तिच्या घरच्या बोलीत बोलू दे. गल्लीवार जोड्या लाव. नक्खीघाटच्या चौघी एकाच टोटोतून, म्हणजे ई-रिक्षातून, येतील, तर एकीचं उठणं चौघींचं उठणं होईल, आणि आयाही निर्धास्त राहतील.

जागेचं नाव सांगताना लोकांच्या तोंडी आहे तेच सांग. 2021 मध्ये मंडुवाडीह स्टेशनचं नाव बनारस झालं, पण जुनी माणसं अजून मंडुवाडीहच म्हणतात. तू "बनारस स्टेशनवर जमायचं" असं लिहिलंस तर निम्मी घरं कँटला जाऊन उभी राहतील. आपल्या गावात वाराणसी जंक्शन, म्हणजेच कँट, आहे, वाराणसी सिटी आहे, काशी आहे, बनारस आहे. बाहेरगावी स्पर्धेला निघताना स्टेशन, दरवाजा, वेळ, तिन्ही सांग.

आणि वर्षाचा अंदाज आधीच घे. आपण दुर्गाघाटावर वाढलो, गंगा पायऱ्या गिळत वर येते ते पाहत. पण वरुणा नदीकाठच्या लोकांचं दुःख आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. गंगा चढली की वरुणेचं पाणी उलटं फिरतं आणि सरैया, नक्खीघाटच्या घरांत शिरतं. त्या आठवड्यात मुलीची गैरहजेरी लावू नकोस. तिचं सामान वरच्या खोलीत नेऊन झालं का, ते विचार. श्रावणी सोमवारी रस्ते बंद असतात, जानेवारीत धुकं, मे महिन्यात सातनंतर ऊन सोसत नाही. रमजानच्या वेळा रोजे धरणाऱ्या घरांना विचारूनच ठरव.

आता एक जपून ठेवलेली गोष्ट सांगते. एका वर्षी मी निवडलेल्या बारा मुलींची यादी ग्रुपवर टाकली. रात्रीचे दहा वाजले होते, मला वाटलं काम झालं. एक मुलगी तीन वर्षं न चुकता येत होती, तिचं नाव नव्हतं. तिला ते शेजारच्या काकूंनी वाचून दाखवलं, दारात, सगळ्यांसमोर. ती परत मैदानावर आली नाही. मी दोनदा घरी गेले, ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिच्या दारातली जांभळी चप्पल मला अजून दिसते. तेव्हापासून जी संघात नाही तिला मी आधी भेटते, एकटीला, मैदानाच्या कडेला. काय कमी पडलं आणि पुढचे दोन महिने काय करायचं ते सांगते. यादी त्यानंतर.

मुलींना रात्री वैयक्तिक निरोप पाठवायचा नाही, तुझ्या मदतनीसानेही नाही. जे सांगायचं ते पालकांच्या फोनवर. 2022 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक हवीच असं महासंघांना बजावलं. तुझा संघ लहान असला तरी हा नियम तू स्वतःला लावून घे. सोबत तू नसशील तर जाणं रद्द कर.

"हॉकीत काय ठेवलंय" असं विचारणारे वडील भेटतील. त्यांना मोहम्मद शाहिद सांगायला लागत नाहीत, 1980 चं मॉस्कोचं सुवर्ण या गावाला पाठ आहे. ललित उपाध्यायने टोकियो आणि पॅरिस अशी दोन कांस्यं आणली, तेही त्यांना माहीत आहे. पण पदकाचं आमिष दाखवू नकोस, मला ते पटत नाही. मुलगी किती वाजता घरी पोचेल, कुणाबरोबर येईल, शाळा बुडेल का, एवढं नेमकं सांग. आईला तेच ऐकायचं असतं.

ती गोलकीपर चार दिवस आली नाही म्हणालीस ना? उद्या पाचनंतर जा, तिची आई तेव्हा शिलाईवरून परतते असं तूच मागे सांगितलं होतंस. पॅड फाटलेत म्हणून ती लाजत असेल, असं मला आपलं वाटतं. नव्यांचे पैसे मी पाठवते. ते कुणी दिले, हे तिला सांगू नकोस.