आजचं वाचन: पाणी नावाचा गुरू (भागवत, स्कंध ११, अध्याय ७)



अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यातलं पाणी आज वाचलं. स्वभावानेच स्वच्छ, स्निग्ध, गोड आणि इतरांना पवित्र करणारं. साधूने तसं असावं, म्हणे.

मला मात्र गढूळ पाणी आठवलं. मागच्या सप्टेंबरात सुट्टी काढून देवकुंडला गेलो होतो. भिऱ्याहून आधी धरणाच्या कडेने, मग दाट जंगलातून वाट जाते. शेवटचा ओढा आला आणि बघता बघता पाणी लालसर झालं, पाय ठेवायचे दगड बुडायला लागले. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असणार. गावातले वाटाडे काका म्हणाले, "फिरा मागं."

"काका, आवाज येतोय धबधब्याचा! दहा मिनिटं फक्त."

"जायला दहा. अन् यायला?"

परतलो, पण तासभर तोंड फुगवून. पाणी निदान वरच्या पावसाने गढूळ झालं होतं. माझं काय?

आम्ही कारंज्याची पोरं, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावची. गुरू म्हटलं की डोळ्यांसमोर गुरुमंदिराचा गाभारा येतो. पण अवधूताच्या पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी यांपैकी कुणीच त्याला समोर बसवून शिकवलं नव्हतं. शिकायचं काम त्याचं त्यानेच केलं. मी तर समोरून सांगणाऱ्याशीच हुज्जत घातली.

भिऱ्यात चहा पिताना काकांना सॉरी म्हणालो. ते हसले. "डिसेंबरात या. तोवर पाणी निवळतं."