ग्रुप सोडू का?

प्रश्न : कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणाची बढती, कुणाचं बारसं, कुणाच्या लेकीचा निकाल. माझी नोकरी साधी, लग्न केलेलं नाही. वाचून मन खट्टू होतं. ग्रुप सोडू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यात सोडू नका. तुमचं खट्टू होणं हा मत्सर नव्हे. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी तुलना करून, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडलं. एकाच बाकावर बसलेल्यांचं यश म्हणूनच परक्याच्या यशापेक्षा जास्त टोचतं. त्यात ग्रुपवर येतात ते पेढे. रखडलेली बढती, आईचं आजारपण, फिसकटलेलं लग्न तिथं कुणी लिहीत नाही.

ग्रुप म्यूट करा. सगळ्यांची खबरबात ठेवणं कुणालाच झेपत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणूस साधारण दीडशेच नाती टिकवू शकतो, आणि त्यातली अगदी जवळची जेमतेम पाच. तुमचे दोघं-तिघं निवडा आणि त्यांना फोन करा. अंगठा किंवा केकचं चित्र पाठवून मैत्री टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘कसा आहेस’ विचारून ऐकत राहा, मग स्वतःचंही सांगा. लग्नाचा विषय निघाला, तर ‘यावर नको बोलूया’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

महिना-दोन महिन्यांनंतरही झोप उडत असेल, तर जवळच्या समुपदेशकाला जरूर भेटा.