जुनाट श्वासविकार आणि विषाणूंचा संसर्ग

दम्याचा रुग्ण असो की विडी-सिगारेटच्या वा चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी होत चाललेला सीओपीडीचा रुग्ण असो, तो महिनोन्‌महिने बरा असतो आणि एकाएकी त्याची धाप वाढते. आपल्याकडे त्याचा दोष केळी, दही किंवा थंड पाण्याला दिला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण विषाणू हे असते.

इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. दमा-खोकला बळावल्याच्या ८० ते ८५ टक्के प्रसंगी त्या मुलांमध्ये विषाणू सापडले. त्यांत ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा विषाणू, सर्वांत जास्त होता. प्रौढ रुग्णांत यांखेरीज इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही व २०१९ च्या अखेरीपासून कोविडचा विषाणूही त्रास वाढवतात.

हे कसे घडते? विषाणू श्वासनलिकेच्या आतील अस्तरात शिरतात. अस्तर सुजते, कफ वाढतो, नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. निरोगी माणसाची नलिका रुंद असल्याने त्याला नुसता खोकला होतो. रुग्णाची नलिका आधीच अरुंद, म्हणून त्याचा श्वास कोंडतो. अस्तर दुबळे झाले की जिवाणूंनाही वाव मिळतो. सीओपीडीत असा प्रत्येक झटका फुप्फुसाची शक्ती थोडी हिरावून नेतो आणि ती पूर्णपणे भरून येतेच असे नाही.

यावरून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. ती मनाने घेऊ नयेत.

२) महाराष्ट्रात पावसाळ्यातही फ्लूची साथ वाढते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घ्यावी.

३) पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. बरे वाटले म्हणून नियमित पंप परस्पर बंद करू नये.

४) घरात कोणाला सर्दी झाल्यास त्याने मास्क वापरावा, हात साबणाने धुवावेत, रुग्णापासून दूर झोपावे.

५) एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर पडले किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सारांश, ज्या घरात धापेचा रुग्ण आहे, तेथे कोणाचीही सर्दी किरकोळ समजू नये. विद्यार्थ्यांनी एवढे जरी आपल्या आजी-आजोबांना समजावून सांगितले, तरी एखादा जीव वाचू शकेल.